अथणीची वहाण आणि तेलाची वाटी

चामड्याची चप्पल धुवायची असते का, असे आपल्याकडे कुणालाही विचारा. दोनच उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, ‘पाणी लागलं की संपलीच म्हणा!’ आणि काही जण म्हणतात, ‘त्यात काय, नळाखाली धरायची आणि उन्हात टाकायची.’ दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. खरे उत्तर ज्यांना ठाऊक आहे ती माणसे मात्र आपल्यापासून फार लांब नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, कृष्णेपलीकडे, अथणी आणि मदभावीच्या गल्ल्यांत ती पिढ्यान् पिढ्या चामड्यासमोर बसलेली आहेत. कोल्हापुरी चप्पल म्हणून जी जगभर मिरवते, ती इथेही जन्माला येते, हे बेळगावच्या बाजारात चप्पल घेताना आपल्या क्वचितच ध्यानात येते.

गेल्या उन्हाळ्यात मी अथणीला गेले ते मामंजींच्या वहाणा घेऊन. मामंजी त्यांना ‘चप्पल’ म्हणत नाहीत, ‘वहाण’च म्हणतात. अकरा वर्षे वापरलेली जोडी. तळाला त्यांच्या टाचेचा आणि अंगठ्याचा खळगा पडलेला, रंग गडद तपकिरी झालेला. त्यांनी ती पावसाळ्याआधी स्वतःच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवली होती. दिवाळीला काढली तेव्हा तिच्यावर पांढरी बुरशी, कान वाकडे झालेले, एका पायाची वेणी सुटलेली. चौकातल्या दुरुस्तीवाल्याने हात लावायच्या आधीच सांगितले, ‘टाकून द्या, नवी घ्या.’ घरात सगळ्यांचे मत तेच. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला नवी कडक चप्पल चावते, रबरी चप्पल घसरते. ‘माझा पाय हिलाच ठाऊक आहे,’ एवढेच ते म्हणाले. शेजारच्या अक्का मूळच्या अथणीच्या. त्या म्हणाल्या, ‘आमच्या ऊरला घेऊन जावा. तिथं वहाण टाका म्हणून कोणी सांगत न्हाई.’

बेळगावहून संकेश्वर, चिकोडी करत निघाले की ऊस सुरू होतो. अंकलीजवळ कृष्णेचा पूल ओलांडला की पुढे कागवाड. इथे दुकानांच्या पाट्या वाचत जाण्यात मोठी गंमत असते. डावीकडे फाटा मिरजेचा, उजवीकडे अथणीचा. चहाच्या टपरीवरचा माणूस एका गिऱ्हाइकाला ‘एन् बेकरी?’ विचारतो आणि पुढच्याला त्याच दमात ‘काय देऊ?’. वाटेवरच्या मंगसुळीच्या खंडोबाला दोन्ही भाषांतली माणसे येतात. कुणी त्याला मल्हारी म्हणते, कुणी मल्लय्या, भंडारा एकच. त्यापुढे जमीन हळूहळू कोरडी होत जाते, बाभळी वाढतात. तेव्हा त्या बाभळींकडे मी नुसतीच झाडे म्हणून पाहिले. त्यांचा आणि माझ्या पिशवीतल्या वहाणांचा संबंध नंतर कळला.

अक्कांनी सांगितलेल्या गल्लीत पोचले तेव्हा दुपार कलत होती. घरापुढच्या पत्र्याच्या सावलीत एक अज्जा तळ कापत होते आणि शेजारी अव्वा चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत होत्या. ‘बर्री अक्का, कूड्री,’ म्हणून त्यांनी पोते अंथरले. मी पिशवी बाहेरच ठेवून, वहाणा जमिनीवर काढून, पायानेच जरा पुढे सरकवल्या. आपण सगळेच तसे करतो. अज्जांनी त्या उचलल्या, मांडीवर घेतल्या, आणि एखाद्या वैद्याने नाडी बघावी तसा अंगठा तळावरून फिरवला. ‘यजमान उजव्या पायावर जास्त जोर देत्यात. डावा गुडघा दुखतो का त्यांचा?’ मी बघतच राहिले. मामंजींचा डावा गुडघा खरेच दुखतो.

‘टाकायची का, अज्जा?’

‘टाकायला काय झालंय हिला? भुकेली हाय. तेल न्हाई, वारा न्हाई. नीर ब्याड अंतल्ल री, बिसिल ब्याड.’ म्हणजे पाणी नकोच असे काही नाही, ऊन नको. माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच. ते मला आधी ऐकायला आणि मग डोळ्यांनी पाहायला मिळाले.

अज्जांनी अंगणात नेऊन जुन्या दात घासायच्या ब्रशाने कोरडी बुरशी झाडली. घरात झाडायची नाही, म्हणाले, नाहीतर ती दुसऱ्या जोडीवर बसते. मग साध्या पाण्यात फडके बुडवून ते इतके पिळले की थेंब पडेना, आणि त्या ओलसर फडक्याने वरचा पट्टा, कान, अंगठा, तळ असे एकेक पुसले. दोनदा फडके बदलले. साबण नाही, घासणे नाही. पट्ट्याच्या कडेला पांढरट रेघा होत्या. ते घामाचे मीठ, ते ओल्या फडक्यानेच निघते. मग पट्ट्याखाली वर्तमानपत्राचे बोळे भरून कान सरळ केले आणि वहाणा आतल्या अंगाला, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा कोनाड्यात ठेवल्या. ‘आता चहा घ्या. हिला घाई चालत न्हाई.’

त्या चहाच्या वेळात चामडे म्हणजे काय ते मला समजले. अज्जांनी आपल्या शब्दांत सांगितले, पुस्तकातले मी नंतर त्याला जोडले. जनावराचे कातडे हे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या बारीक तंतूंचे विणलेले जाळे असते. तसेच ठेवले तर कुजते, नुसते वाळवले तर लाकडासारखे होते. म्हणून ते चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात आणि मग कमावतात. आपल्या भागातली जुनी पद्धत बाभळीची साल आणि हिरडा यांची. कातडे पिशवीसारखे शिवायचे, त्यात साल-हिरड्याचे पाणी भरायचे आणि टांगून ठेवायचे. ते पाणी हळूहळू झिरपते, पुन्हा भरायचे, पिशवी उलटी करून पुन्हा टांगायची. बाभूळ म्हणजे कन्नडातली ‘जालि’, हिरडा म्हणजे ‘अळलेकायि’. रस्त्यातल्या त्या बाभळी वहाणेत अशा उतरलेल्या असतात.

हिरडा चावला की जीभ कशी आवळून येते, ते आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवले आहे. हिरड्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तो तुरटपणा. तेच टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरते आणि त्यांना कुजू देत नाही. पण तंतू मऊ राहायचे, एकमेकांवरून सरकायचे, तर मध्ये स्निग्धता लागते. ती तेलाची. चामडे पाण्यात भिजत पडले तर थोडे टॅनिन आणि बरेचसे तेल निघून जाते. मग ते कडक उन्हात किंवा चुलीजवळ वाळले की तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि चप्पल पापडासारखी होते. कढत पाणी तर त्याहून वाईट. सालीने कमावलेले चामडे कढत पाण्यात आकसते, आणि एकदा आकसले की कितीही तेल चोळा, पूर्ववत होत नाही. साबणातला खार तेलही काढतो आणि रंगही. म्हणजे ‘पाणी लागलं की संपली’ हेही खोटे, आणि ‘नळाखाली धरायची’ हेही. ओलसर फडके चालते, भिजवणे चालत नाही. सावली चालते, ऊन चालत नाही. एवढ्या दोन वाक्यांत सारे शास्त्र आले.

एक बारीक गोष्ट अव्वांनी दाखवली. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. बाहेरगावी कुणी दुरुस्त करताना लोखंडी चूक ठोकली आणि ती ओली झाली की भोवती काळा डाग पडतो आणि चामडे तिथेच कुरकुरीत होते. मला एकदम जुन्या शाईची आठवण झाली. हिरडा आणि हिराकस यांचीच काळी शाई पूर्वी करत. लोखंड आणि हिरडा भेटले की काळे होणारच! म्हणून दुरुस्तीला देताना ‘खिळा नको, शिवून द्या’ एवढे सांगायला विसरू नये.

संध्याकाळी वहाणा हाताला अजून किंचित गार लागत होत्या. अज्जांनी वाटीत थोडे एरंडेल घेतले. आपल्याकडे कुणी खोबरेल वापरते, कुणी शेंगतेल. या घरात एरंडेलच, त्यांच्या भाषेत ‘हरळेण्णि’. चार बोटांच्या टोकांना लागेल इतकेच तेल. ओतायचे नाही. बोटाने गोल गोल जिरवत जायचे, वरून आणि कडेने, शिवणीत जरा जास्त. रात्रभर ठेवायचे आणि सकाळी कोरड्या फडक्याने वरचे तेल पुसून घ्यायचे. ‘जास्त तेल घातलं तर?’ मी विचारले. अव्वा हसल्या. ‘जास्त जेवलं की माणूस कसं ढिलं पडतं, तसं चामडं ढिलं पडतं. धूळ धरतं. साडीला डाग, ते वेगळंच.’

सकाळी अव्वांनी सुटलेली वेणी उसवून नवीन वाद्यांनी घातली. या कामात बायकांचा हात किती आहे हे बाजारात दिसत नाही. तळ कापणे, ठोकणे हे बहुधा पुरुष करतात. वेणी, नक्षी, शिवण यांतले बरेचसे घरातल्या बायकांच्या बोटांतून उतरते. अथणीत ‘टोहोल्ड’ या नावाने कारागिरांची संस्था उभी राहिली तेव्हा तिच्या पाठीशी याच बायकांचे बचत गट होते, आणि त्यांच्या हातच्या चपला परदेशात गेल्या. अज्जांच्या हातातली रापी आणि अव्वांची आरी, दोन्ही झिजून अर्ध्या झालेल्या. रापीला कन्नडात ‘रंपिगे’ म्हणतात. दोन शब्द शेजारी ठेवून पाहा, एकाच घरातले वाटतात की नाही?

आता मनात राहिलेली गोष्ट. मी वहाणा पायाने सरकवल्या होत्या आणि अज्जांनी त्या मांडीवर घेतल्या. आपल्या घरांत चप्पल हा विटाळाचा विषय. पूजेच्या दिवशी चपलेला हात लागला तर हात धुवायचे, चप्पल उलटी पडली तर भांडण होते म्हणायचे, नवी जोडी सोडली तर चप्पल हातात घ्यायची नाही. म्हणूनच ती पुसली जात नाही, तिला तेल लागत नाही, आणि दोन वर्षांत ‘टाकून द्या’ होते. चामड्याची निगा राखायची म्हणजे आधी त्याला हात लावायचा. नेमकी तीच गोष्ट आपल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या टाळली. चपलेच्या बाबतीत टाळली, आणि ती करणाऱ्या माणसांच्या बाबतीतही टाळली. गावाच्या कडेला त्यांची गल्ली, पाणवठा वेगळा, आणि आपल्या पायात मात्र त्यांचीच वहाण!

कन्नड घरांत हरळय्यांची कथा ठाऊक नसलेले मूल विरळा. बाराव्या शतकातले कल्याण. हरळय्या समगार, म्हणजे चर्मकार. त्यांनी बसवण्णांना ‘शरणु’ म्हटले. बसवण्णांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हणून दुप्पट वंदन केले. ते जादा वंदन आपल्यावर ऋण झाले असे हरळय्यांना वाटले. ते फेडायला त्यांनी आणि पत्नी कल्याणम्मांनी आपल्याच मांड्यांच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना नेऊन दिले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, मस्तकी धरले. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मंत्री मधुवरसांची मुलगी यांचे लग्न झाले, आणि त्या लग्नावरून कल्याणात रक्त सांडले. कातडे कमावणारे दोहर कक्कय्या हेही त्याच शरणांपैकी. त्यांची समाधी आपल्या खानापूर तालुक्यातल्या कक्केरीत आहे. मराठी घरांत हाच मान संत रोहिदासांचा. जोडे शिवता शिवता नाम घेणारा संत आपण भिंतीवरच्या तसबिरीत ठेवला. हरळय्या आणि रोहिदास यांना हात जोडायचे आणि त्यांच्या हातच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे काही बरोबर जमत नाही.

अज्जांना मी हे असे काही बोलले नाही. त्यांनीच आपणहून सांगितले, ‘पूर्वी लोक पैसे वरून टाकायचे. आता हातात देतात. पण चप्पल अजून पायानंच सरकवतात.’ आवाजात तक्रार नव्हती. मी पैसे देताना वहाणा दोन्ही हातांनी घेतल्या, तेव्हा अव्वा नुसत्या हसल्या.

अज्जांकडे मी असतानाच गल्लीतला एक तरुण आला. बेंगळुरूला नोकरी, बुलेटची हौस, अंगात जुना चामड्याचा शर्ट. तो तिथल्या जुन्या बाजारात घेतलेला. कॉलर तेलकट काळी, काखेत वास. ‘अज्जा, ह्याला बी हरळेण्णि लावू का?’ अज्जांनी शर्ट चिमटीत धरून पाहिला, बोटाने दाबला आणि मान हलवली. ‘ह्यो आमच्यातला न्हाई.’

ते बरोबरच होते. अंगावर घालायचे चामडे बहुतेक क्रोमने कमावलेले असते. ही रीत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली अमेरिकेत पेटंट घेऊन पुढे आणली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने ती रुजवली. साल-हिरड्याला आठवडे लागतात तिथे क्रोमला फार कमी वेळ पुरतो. ते चामडे पातळ, मऊ, उष्णता जास्त सोसणारे असते. त्यावर एरंडेल चोळले तर डाग पडतात आणि अस्तर चिकट होते. पण निगेचा गाभा तोच. शर्ट वॉशिंग मशीनमध्ये घालायचा नाही, बादलीत भिजवायचा नाही. आतले अस्तर उलटे करून, अगदी थोड्या सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसायचे आणि मग साध्या ओल्या फडक्याने. वासाचे मूळ अस्तरातच असते. कॉलर आणि बाह्यांच्या कडा चामड्यासाठी मिळणाऱ्या क्लीनरने, आधी आतल्या कोपऱ्यात तपासून मग पुसायच्या. रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत वाळवायचा. बारीक तारेचा हँगर खांद्यावर कोंब काढतो. इस्त्री नाही. वाळल्यावर चामड्याचे क्रीम हलक्या हाताने. आणि शर्ट मऊ, लव असलेल्या चामड्याचा, म्हणजे स्वेडचा असेल तर पाणीही नाही, क्रीमही नाही. फक्त मऊ ब्रश.

अथणीत असताना ‘कोल्हापुरी’ या नावाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. ‘करतो आम्ही, नाव कोल्हापूरचं,’ असे इथे अर्धे गमतीने, अर्धे खरेच म्हणतात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रात थोडी नाराजीही उमटली, कारण ते एकट्या कोल्हापूरला मिळाले नव्हते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते आहे. सीमेवरून इतकी वर्षे इतके काही झालेल्या आपल्या भागात, दोन्ही सरकारांच्या चर्मोद्योग महामंडळांनी, म्हणजे लिडकॉम आणि लिडकर यांनी, मिळून नोंदवलेली ही एक वस्तू. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अगदी याच घाटाच्या चपला दाखवल्या आणि आधी या नावाचा उल्लेखही केला नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये याच दोन महामंडळांबरोबर करार केला. अज्जांना ती बातमी नातवाने मोबाइलवर दाखवली होती. ‘चांगलं झालं,’ ते म्हणाले. ‘पण मिलानचं गिऱ्हाईक एकदा घेऊन जाणार. दुरुस्तीला कोण येणार? आमचं पोट दुरुस्तीवर बी हाय.’

या वाक्यावर मी परतीच्या बसमध्ये बराच वेळ विचार करत होते. नवी चप्पल विकली की कारागिराला एकदा पैसे मिळतात. तीच चप्पल गिऱ्हाइकाने जपली तर तिला दोन-तीन वर्षांनी नवा तळ लागतो, मध्ये कधी वेणी, कधी अंगठा. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते, आणि ते येते तेव्हा कारागिराचे नाव, त्याची गल्ली, त्याचा हात ओळखते. आपण वापरून फेकायला लागलो, रबरी आणि रेक्झिनच्या चपला घ्यायला लागलो, तेव्हा नुसती एक वस्तू गेली नाही. ही ये-जा गेली. अज्जांचा मुलगा सांगलीत एका कारखान्यात आहे, नातू कॉलेजात. ‘शिकू दे, शिकायलाच पाहिजे,’ ते म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. चामड्यासमोर बसायचे की नाही हे आता त्या नातवाने ठरवायचे आहे, त्याच्या जातीने नव्हे. पण त्याने बसायचे ठरवलेच, तर त्याच्याकडे येणारी माणसे शिल्लक असायला हवीत. तेवढे आपल्या हातात आहे.

घरी आल्यावर मामंजींनी वहाणा पायात घातल्या, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, ‘हां.’ त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे पुष्कळ.

वाचकांच्या सोयीसाठी अज्जा-अव्वांचे सांगणे एका जागी देते. कात्रण करून चपलांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे.

रोज घरी आल्यावर चप्पल बंद कपाटात न टाकता रात्रभर मोकळ्या हवेत ठेवावी. शक्य असेल तर दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. चामड्यात मुरलेला घाम निघून जायला एक दिवस लागतो. चिखल लागला तर ओला असताना पुसू नये, तो चामड्यात घोळला जातो. वाळू द्यावा आणि ब्रशाने झाडावा. महिन्यातून एकदा घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. अचानक पावसात भिजलीच, तर कागदाचे बोळे भरून वाऱ्यावर ठेवावी. गॅसजवळ नाही, गाडीच्या टपावर नाही. थोडी दमट असतानाच बोटभर तेल जिरवावे. नवी चप्पल चावत असेल, कन्नडात म्हणतात तशी ‘कडित’ असेल, तर आतल्या कडांना तेल लावून दोन रात्री ठेवावी आणि पहिले आठ दिवस घरातल्या घरात घालावी. मृगाच्या आधी पुसून, तेल लावून, चार दिवस सावलीत ठेवून मग जुन्या सुती धोतरात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळावी. प्लॅस्टिक मुळीच नको. आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. पावसाळ्यातही उघडीप मिळाली की एकदा काढून वारा द्यावा. शिवणीचा एखादा टाका सुटला तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला न्यावी. एक टाका आज दहा रुपयांचा असतो, पट्टा सुटला की तो दीडशेचा होतो.

आणि शेवटचे, अव्वांनी सांगितलेले. तेल लावायचे काम घरातल्या मुलांना द्यावे. वाटी त्यांच्या हातात, आजोबांची वहाण त्यांच्या मांडीवर. बोटांना तेल आणि चामड्याचा वास लागेल, तो साबणाने जातो. मूल विचारेल, ही कुणी केली? तेव्हा ‘दुकानातून आणली’ असे सांगून विषय संपवू नये. अथणी, मदभावी, निपाणी, कापशी, मिरज ही नावे त्याला सांगावीत, आणि जमले तर सुट्टीत एकदा त्या गल्लीत घेऊन जावे. तिथे पोते अंथरून बसायला जागा देणारी माणसे अजून आहेत, आणि ती आपल्याशी आपल्या दोन्ही भाषांत बोलतात.